सिद्रामप्पा काकांचं कपाट

कुणाबद्दल लिहावं इतकी मी मोठी नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण शेजारचे सिद्रामप्पा काका रोज सकाळी सात वाजता हातोडी घेऊन स्वतःच्याच कपाटाची तपासणी करतात, हे कुणीतरी लिहायला हवं असं मला वाटलं.

काका होटगीला रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासायचे आणि दुरुस्त करायचे. निवृत्त झाले तरी पावलं रुळांखालच्या स्लीपरच्या अंतराची, ना कमी ना जास्त. वाटेत चिखल आला तर चिखलात पाय देतील, पण माप मोडणार नाहीत. आई भाकरी घेऊन गेली की आतून आवाज येतो, “लाइन क्लिअर हाय, या.”

घरात ते एकटेच. काकू गेल्या. मुलगी सुजाता बेंगळुरूला असते. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा काका गेले नाहीत, आणि पुढं दोघांचं बोलणंच थांबलं. तिला दिवस गेल्याचं अक्कलकोटच्या एका नातेवाइकाकडून कळलं, तेव्हा काकांनी जावयाला फोन केला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मी खोली तयार करतो, असं सांगितलं. जावई म्हणाला, विचारून सांगतो.

तेवढ्यावर काका कामाला लागले. सुजाताच्या घरात लाकडी फरशी आहे, हे त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं होतं. तिच्या पायाला आता तीच सवय असणार, म्हणून इथंही तीच घातली. सगळी गल्ली चपला काढून बघून गेली. एका आजींनी विचारलं, हिला सारवायचं की पुसायचं?

मग सरकत्या दारांचं कपाट आलं. सोबतचा इंग्रजी कागद मी अडखळत वाचून दाखवला. ही फरशी खाली कुठंच खिळलेली नसते, नुसती टेकलेली असते. उष्णतेनं ती फुगते, तिला हलायला जागा लागते. म्हणून दाराचा रूळ तिच्यावर आवळू नये.

“ह्यो कागद मला रूळ शिकवतोय व्हय?” काका म्हणाले आणि एकामागून एक बत्तीस स्क्रू पिळले. ढिला रूळ म्हणजे अपघात, हे वर ऐकवलं.

मे महिन्यात फरशी मधोमध उंटासारखी उठली आणि दार अर्ध्यात अडकलं. काका दुपारभर त्या उंचवट्यासमोर मांडी घालून बसले होते. मी पाणी नेलं तर म्हणाले, “उन्हात रूळ वाकू नये म्हणून जन्मभर सांध्यात फट सोडली की मी. आन् घरातच इसरलो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटापुढची लाकडी फरशीची पट्टी कापून काढली, रूळ खालच्या शहाबादीवर बसवला आणि दोन्हीकडं बोटभर जागा सोडली. दार करंगळीनं सरकू लागलं. तेव्हापासून ही रोजची तपासणी. हातोडीनं टकटक, मग कान लावून ऐकणं, मग दोन्ही दारं ओढून बघणं. आत काकूंच्या मऊ लुगड्यांची दुपटी घडी घालून ठेवलेली.

नववा महिना लागला तरी निरोप नव्हता. आई म्हणाली, तुम्हीच करा की फोन. काकांनी मान हलवली. “विचारून सांगतो म्हणालाय. सिग्नल पडल्याबिगर गाडी पुढं न्यायची नसती.”

परवा दुपारी जावयाचा फोन आला. मी आणि आई तिथंच होतो. काका कानडीत बोलत होते, म्हणजे बहुतेक नुसतं ‘हौदु, हौदु’, हो हो, एवढंच म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

“मुलगी झाली म्हनं. धा दिवस झाले.”

आईनं विचारलं, मग सुजाता कधी येणार?

“दोगी बऱ्या हायत,” काका म्हणाले. “हितं यायच्या न्हाईत.”