आठ खोल्यांचा राउटर

अश्लेषाच्या साहेबांचा पुण्याहून निरोप आला तेव्हा देवदत्त जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून चहा पीत होता आणि अश्लेषा वरच्या पायरीवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसली होती. घरात नेट नीट चालायचं ते फक्त जिन्यात. त्यामुळे वर जायचं असेल तर आधी अश्लेषाची मीटिंग संपायची वाट बघावी लागे. साहेबांचा निरोप गोड शब्दांत होता. तुमचा आवाज तुटतो, चेहरा मधेच गोठतो, तेव्हा सोमवारपर्यंत घरी नेटची नीट सोय करा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.

"बाबा, मी जाते पुण्याला. मैत्रिणीच्या खोलीत जागा आहे," अश्लेषा म्हणाली.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर आराम मिळतो, असं देवदत्तला ज्यांनी ज्यांनी सांगितलं होतं ते सगळे अजून नोकरीत होते. त्याला मात्र गॅस, दळण, दवाखाना आणि लाईटबिल यांतून श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण मुलगी घरात होती. संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून "बाबा, काय खाऊया?" असं विचारायची आणि दिवसभराचा शीण उतरायचा. ती गेली तर बायको क्षमा टीव्हीवरची मालिका बघत बसणार आणि आपण क्षमाकडे बघत बसणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याला मुलगी जायला नको होती. म्हणून तो उठला, चपला घातल्या आणि माधवनगरहून सांगलीला राउटर आणायला निघाला.

दुकानदार धैर्यशील तासगावकडचा, बोलायला मोकळा. त्याने काउंटरवर एकापेक्षा एक शिंगंवाले डबे मांडले. याचा पल्ला एवढा, त्याचा तेवढा, हा भिंत ओलांडतो, तो स्लॅबही ओलांडतो. देवदत्तला सगळे सारखेच दिसत होते. शेवटी धैर्यशीलने मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"काका, घर केवढं हाय? खोल्या किती?"

खरं उत्तर चार असं होतं. वडिलांनी गिरणीत राबून आठ खोल्यांचं घर बांधलं. ते गेल्यावर घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि चार खोल्या थोरल्या चिंतामणकडे, चार धाकट्या देवदत्तकडे आल्या. खोल्यांवरून तंटा झालाच नव्हता. तंटा झाला तो फाटकाच्या खांबावरच्या संगमरवरी पाटीवरून. 'श्रमसाफल्य' असं वडिलांनी कोरून घेतलेलं नाव नेमकं चिंतामणच्या बाजूच्या खांबावर होतं. देवदत्त म्हणाला, पाटी काढून मधे लावू. चिंतामण म्हणाला, काढताना फुटेल. एवढ्यावरून दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यातले दोघे माधवनगरचे. आमचं घर फुटलं, आता चारच खोल्या आमच्या, असं लोकांदेखत कसं सांगायचं? घरातलं घरात ठेवायचं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं.

"आठ," देवदत्त म्हणाला.

"माधवनगरात आठ खोल्यांची घरं लय निघाय लागलीत," असं म्हणून धैर्यशीलने सगळ्यात मोठा, सहा शिंगांचा डबा पुढे सरकवला.

घरी आल्यावर तो ठेवायचा कुठे यावर संध्याकाळ गेली. देवघराच्या वर ठेवायचा नाही, असं क्षमाने आधीच बजावलं. फ्रीजवर मोसंब्यांची टोपली होती आणि ती टोपली हलवायला क्षमा तयार नव्हती. घराच्या बरोबर मधे ठेवा, असं डब्याबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पण देवदत्तच्या चार खोल्यांच्या बरोबर मधे न्हाणीघर होतं. शेवटी राउटर कपाटावर गेला, त्याला हळदकुंकू लागलं आणि नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायचा, यावर क्षमा कशीबशी राजी झाली.

अश्लेषाने फोनवरून त्याची जोडणी सुरू केली. नेटवर्कला नाव काय द्यायचं असं तिने विचारलं. देवदत्तने क्षणाचाही विचार केला नाही. पाटी गेली तर गेली, हवेवर काही कोणाचा खांब नव्हता. "श्रमसाफल्य," तो म्हणाला. पासवर्ड मात्र मीच घालणार, असं सांगून त्याने फोन हातात घेतला आणि पाठ फिरवून एकेक इंग्रजी अक्षर शोधत टाइप केलं. आधी त्याने नुसतं 'दादा' लिहिलं होतं. किमान आठ अक्षरं हवीत असं यंत्र म्हणालं, म्हणून त्याला मनातलं सगळंच लिहावं लागलं.

नेट सुसाट चाललं. कपाटापाशी चाललं, स्वयंपाकघरात चाललं, न्हाणीघरातसुद्धा चाललं. फक्त वरच्या मजल्यावर, मधल्या भिंतीला लागून असलेल्या अश्लेषाच्या खोलीत गेलं की पडद्यावर 'श्रमसाफल्य' हे नाव भरभक्कम रेघांसकट दिसायचं आणि पासवर्ड चुकीचा आहे असं उत्तर यायचं. खाली तोच पासवर्ड बरोबर आणि वर चुकीचा. देवदत्तने राउटर बंद करून चालू केला. मग कपाटावरून काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवला. मग क्षमाच्या सूचनेवरून त्याच्यामागे स्टीलची परात उभी केली, म्हणजे नेट परातीवर आपटून वर जाईल. परात मध्यरात्री घरंगळत खाली आली आणि सगळी गल्ली जागी झाली. भिंतीपलीकडून चिंतामणच्या खोकण्याचा आवाज आला, पण काय झालं असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सांगलीला गेला. आठ खोल्यांना एक डबा पुरत नसेल, असं म्हणून धैर्यशीलने आणखी एक छोटा डबा दिला, तो पहिल्याचं नेट झेलून पुढे फेकतो म्हणे. तो अश्लेषाच्या दाराबाहेर लावला. जोडताना पहिल्याचा पासवर्ड टाकावा लागतो. तो टाकला आणि चुकीचा आहे असं उत्तर आलं. त्या दिवशी संध्याकाळी देवदत्त जिन्यात नुसता बसून राहिला. क्षमाने चिवड्यासाठी पोहे परतायला घेतले होते. क्षमा चिवडा करायला लागली म्हणजे घरातलं माणूस गावाला जाणार, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

रविवारी सकाळी त्याने धैर्यशीललाच घरी बोलावलं. धैर्यशील फाटकापाशी उभा राहिला, पाटी वाचली, मग डावीकडच्या दाराकडे बघितलं, मग उजवीकडच्या.

"काका, ह्या दारातनं येऊ का त्या?"

ह्या दारातून ये, असं देवदत्तने तुटकपणे सांगितलं. धैर्यशील वर अश्लेषाच्या खोलीत गेला, फोनमध्ये काहीतरी उघडून भिंतीपाशी धरला आणि खाली येऊन पायरीवर बसला. त्याला हसू येत होतं, पण समोरच्याचं तोंड बघून तो ते दाबत होता. भिंतीच्या ह्या बाजूला एक राउटर आहे, त्या बाजूला तसलाच दुसरा आहे, आणि दोघांचं नाव एकच. वरच्या खोलीत पलीकडचा जवळ पडतो, म्हणून फोन आधी त्याचंच दार वाजवतो आणि तो पासवर्ड चुकीचा म्हणून हाकलतो. एवढीच भानगड होती.

देवदत्तने क्षमाकडे बघितलं. क्षमा शांतपणे म्हणाली, "भावजींनी दिवाळीत घेतलाय. त्यांच्या पुष्करनं जोडून दिला, बंगळूरहून आला होता तेव्हा. नातीला बघायला लागतो त्यांना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पलीकडची एकही बातमी माझ्यासमोर काढायची नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना."

ते खरं होतं. गच्चीवर भिंत कमरेएवढीच होती आणि दोघी जावा तिथे कुरडया वाळवताना रोज बोलायच्या. वाट्या इकडून तिकडे जायच्या. अकरा वर्षं त्या घरात न बोलणारी माणसं दोनच होती आणि त्या दोघांनाच कशाचा पत्ता नव्हता.

धैर्यशीलने दोन उपाय सांगितले. एक तर दोघांपैकी एकाने नाव बदलायचं. देवदत्त म्हणाला, नाव आमच्या वडिलांचं आहे, मी बदलणार नाही. ते बदलणार नाहीत याची तर खात्रीच आहे. मग दुसरा उपाय असा, की नाव एक आहे तर पासवर्डही एकच ठेवायचा. दोन्ही डबे मिळून सगळ्या घराला पुरतील, कोण कुठल्या डब्यावर आहे ते फोनला कळणारसुद्धा नाही.

"ते शक्य नाही," देवदत्त म्हणाला. "त्यांचं घर वेगळं आहे."

धैर्यशील उठला, चपला घालता घालता थांबला. "येगळं कसं, काका? दिवाळीत ते काका दुकानात आलते, तवा त्यास्नी बी मी इचारलं, खोल्या किती. त्यास्नी बी आठच सांगितल्या व्हत्या."

तो गेला. देवदत्त बराच वेळ फाटकाकडे बघत राहिला. मग आत अश्लेषाच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला. चारची गाडी होती. देवदत्त उठला, फाटकाबाहेर गेला आणि पाटीच्या खांबाकडून पुन्हा आत वळला.

दार चिंतामणनेच उघडलं. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, हातात नातीचा फोटो लावलेला टॅब. तो म्हातारा दिसत होता. भिंतीपलीकडचा खोकला ऐकून देवदत्तने डोळ्यांसमोर आणलेला भाऊ अजून केस काळे असलेला होता.

"पासवर्ड हवाय," देवदत्त म्हणाला. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य हेच असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. आशू पुण्याला चालली आहे, वर नेट येत नाही, नाव दोघांचं एकच आहे, पासवर्ड एक केला तर ती राहील.

चिंतामणने सगळं ऐकून घेतलं. "जिन्याकडच्या खोलीत नात मधेच गायब होते ती त्यानंच होय," तो स्वतःशीच म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "तू तुझा सांग. मी माझा बदलून घेतो."

देवदत्तला घाम फुटला. "नको, तुझाच राहू दे. मोठा तू आहेस."

"मोठा आहे म्हणूनच म्हणतोय. तुझा राहू दे."

"छे, वडीलकीचा मान असतो."

अकरा वर्षं पाटीवरून न हटलेले दोघं आता पासवर्डवरून एकमेकांना मान द्यायला लागले होते आणि दोघांचीही नजर जमिनीवरून हलत नव्हती. शेवटी आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या.

"भावजी, ह्यांचा पासवर्ड 'देवाबावळट' आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा 'दादाहट्टी' आहे, तो क्षमानं तुमच्या खांद्यावरून वाचून मला पहिल्याच दिवशी सांगितला. कोणता ठेवायचा तो ठेवा, पण पोरीची गाडी चारची आहे."

चिंतामणने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला. "किमान आठ अक्षरं लागतात," तो ओशाळून म्हणाला. "नुसतं 'देवा' घेत नव्हतं."

देवदत्तला ते चांगलंच ठाऊक होतं. आई गेल्यापासून त्याला देवा म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. "तुझाच ठेवू, दादा," तो म्हणाला. "माझ्या घरात सवय आहे सगळ्यांना तसं म्हणायची."

तिन्हीसांजेला अश्लेषा आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बॅग पलंगाखाली गेली होती आणि चिवड्याचा अर्धा डबा गच्चीवरून पलीकडे गेला होता. देवदत्तने जिन्यात बसून स्वतःच्या फोनमध्ये नवा पासवर्ड घातला. स्वतःलाच बावळट म्हणताना एक अक्षर चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं.

तेवढ्यात धैर्यशीलचा फोन आला. जमलं का, पासवर्ड कोणाचा ठेवला, असं त्याने विचारलं. देवदत्तने थकल्या आवाजात तो सांगितला. फोनवर हसू दाबल्यासारखा आवाज आला.

"बरं," धैर्यशील सावरून म्हणाला, "आन् आता नेट किती खोल्यांत येतंय, काका?"

भिंतीपलीकडे नात टॅबवर खिदळत होती आणि चिंतामण तिला आपलं घर दाखवत खोलीखोलीतून फिरत होता.

"आठही," देवदत्त म्हणाला.