मन्मथचा टँकर

माझ्या कामात चूक होणं शक्यच नव्हतं. कारण मी सगळं खोटं केलं होतं!

सांगतो. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी एका टँकर ठेकेदारासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. कुठला टँकर कुठं पोचला, ते भिंतीवरच्या पडद्यावर ठिपक्यांत दिसायचं. आता असा प्रोग्रॅम तपासायचा कसा? अडाणी माणूस खऱ्या टँकरवर तपासतो आणि मुरुडचं पाणी भलतीकडंच जाऊन पडतं. मी तसला नव्हे. मी एक बनावट टँकर तयार केला. लोखंडाचा नव्हे, नुसता एक छोटा प्रोग्रॅम, जो टँकरमधल्या जीपीएसच्या डबीसारखाच दर मिनिटाला 'मी इथं आहे' असं कळवायचा. ड्रायव्हरचं नाव ठेवलं मन्मथ.

त्याला जायला गाव हवं म्हणून शिरूर अनंतपाळकडची तळेवाडी दिली. तिथं माझी नागम्मा आत्या राहते, म्हणून चटकन सुचली. नावात तळं आहे, गावात नाही. वळणावळणाचा रस्ता आखायचा कंटाळा आला, तर लातूर ते तळेवाडी सरळ रेघ ओढून मोकळा झालो. खरा टँकर, खरा ड्रायव्हर, खरा फोन, कशालाही धक्का लागणार नव्हता. भिंतीवरचा पडदा तेवढा खरा होता, हे ध्यानातून निसटलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आप्पासाहेब त्या पडद्यापुढं आ वासून उभे. दुष्काळात त्यांनी इतके भाड्याचे टँकर लावले होते की ड्रायव्हरांची नावं त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

"विरूपाक्ष, हा मन्मथ कोण हाय?"

"साहेब, तो..."

"सकाळपास्नं बघालोय. चहाला थांबला न्हाई, पंक्चर न्हाई, कुणासंगं भांडण न्हाई. आणि हे बघ, मांजरा नदीतून सरळ काढली की गाडी! कोरडीच हाय म्हणल्यावर पुलावरून कामून जावं? इतक्या दिवसांत एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई."

"साहेब, मन्मथ नावाचा माणूसच नाही."

"हाव," आप्पासाहेब भारावून म्हणाले. "माणूस न्हाईच तो. देव हाय."

मी पडद्यावर बोट ठेवून पुन्हा समजावलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या कामावर जळू नये, लेकरा." मग लगेच रामकिशनला बोलावलं. हा खरा ड्रायव्हर. खरा म्हणजे चहाला थांबणारा. तळेवाडीचा टँकर त्याच्याकडं होता.

"तळेवाडीला मन्मथ पुरून उरालाय," आप्पासाहेबांनी फर्मान काढलं. "तू उद्यापासून मुरुडला जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला.

"विरू, टँकर आला न्हाई रे. सगळं गाव घागरी मांडून बसलंय. तुमच्या हापिसात विचारलं, तर म्हणतेत मन्मथ येऊन गेला. कुठून गेला? आम्ही काय आंधळे हाव?"

कशालाही हात न लावता मी एका अख्ख्या गावाचं प्यायचं पाणी तोडलं होतं.

आप्पासाहेबांकडं धावलो, तर ते मन्मथच्या सत्कारासाठी शालीचा रंग ठरवत होते. ऐकून घेणं दूरच. मग मी सरळ संगणकावर बसलो आणि मन्मथला थांबवलं. तो थांबला नेमका मांजरेच्या मधोमध!

"रुतला!" आप्पासाहेब ओरडले. "वाळूत रुतला!" त्यांनी रामकिशनला फोन लावला. "दोरखंड घे आन् नदीत जा."

"साहेब, टँकर भरलाय. मुरुडला निघालोय."

"हाय तसाच जा!"

थोड्या वेळानं रामकिशनचा फोन आला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "साहेब, हितं नुसती वाळू हाय. मोबाईलवरच्या ठिपक्यांत बघावं, तर मन्मथ माझ्या शेजारीच उभाय."

आप्पासाहेबांनी पायातल्या चपला काढल्या.

तेव्हा माझं डोकं चाललं. भरलेला टँकर नदीत उभा आहे आणि तळेवाडी पलीकडं तहानलेली. मी मन्मथला हळूच पुढं सरकवलं.

"साहेब, निघाला! धूळ बी उडंना!" रामकिशन फोनवर ओरडला.

"त्याचा पिच्छा सोडू नको!"

या वेळी मी मुकाट्यानं रस्ता धरून चाललो. चढ आला की मन्मथला सावकाश घ्यायचं, वळणावर थांबवायचं, कारण मागून खराखुरा टँकर येत होता. ठिपका मीच हलवत होतो, तरी माझ्या अंगावर काटा आला. पुढं कुणीच नाही आणि त्याच्या मागोमाग एवढं पाणी चाललंय! मन्मथला मी थेट आत्याच्या दारात थांबवलं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. गावातली भांडी भरली होती, आणि आप्पासाहेबांनी रामकिशनला हुकूम दिला होता, की आजपासून रोज मन्मथच्या मागं जायचं.

"रामकिशन सांगत होता, वाट त्यानंच दावली म्हणून," आत्या म्हणाली. "पाणी पोचवलं आन् तोंड बी न दावता गेला बघ. असली माणसं राहिली न्हाईत."

"हो, आत्या."

"नावावरून आपल्यातलाच दिसतोय. लगीन झालंय का त्याचं? आपल्या महादेवीसाठी विचार की."

महादेवी ही आत्याची मुलगी. आमच्यात आत्याच्या मुलीसाठी आधी मामाच्या मुलाला विचारतात, म्हणजे मला. त्याच भरवशावर मी इतकी वर्षं गप्प बसलो होतो.

"आत्या, मी पण आहेच की."

"तू चांगलाच हाईस रे," आत्या समजुतीनं म्हणाली. "पण तो पोरगा कष्टाचा हाय."

मन्मथला पुसून टाकणं माझ्या हातात होतं. पण त्याच्याशिवाय रामकिशन तळेवाडीला जायला तयार नव्हता. तेव्हा पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी उठून मीच त्याला आत्याच्या दारात नेऊन उभा करत होतो.