बिनगर्दीचं इंजिन

ज्या हॉटेलात गिऱ्हाईक दिसलं, त्या हॉटेलात अण्णा पाऊल ठेवत नाहीत. येरमाळ्याच्या चौकात सगळी दुनिया एका गाड्यावर गरमागरम भजी खाते, आणि हे महाराज पलीकडं, जिथं मालकच डुलक्या घेतोय, तिथं जाऊन कालची खातात. वर आपल्यालाच ऐकवतात, "गर्दी म्हंजे चव न्हवं!" येडेश्वरीच्या यात्रेला अख्खा जिल्हा लोटतो, अण्णा यात्रा उठल्यावर जातात. का, तर "तवा देवीला बोलायला सवड आसती." मतदानाचं तर विचारूच नका. अण्णांनी ज्याला मत दिलं, त्याचं डिपॉझिट गेलंच म्हणून समजा.

हे सगळं मी खपवून घेतलं असतं हो. पण आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर क्लास चालवतो, आणि यंदा पोरांना गेम बनवायला शिकवायचं ठरलं. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्याला इंजिन म्हणतात. घरमालकानं "किती हॉर्सपॉवरचं?" म्हणून विचारलं, ते सोडा. जगात नावाजलेली इंजिनं आहेत, पुण्यात त्यांच्यावर नोकऱ्या लागतात. आणि अण्णांनी कुठलं काढावं? ज्याचं नाव पुण्यात याच कामाला असलेल्या माझ्या मेव्हण्यानंसुद्धा ऐकलं नव्हतं!

"अण्णा, हे शिकून पोरांना नोकरी कोण देणार?"

"नोकरी देणाराच्या दारात रांग आसती. जिथं रांग, तिथं मी न्हाय."

"तुम्ही नका जाऊ! पोरांना तरी जाऊ द्या!"

"आरं, लई हलकं हाय. आपल्या डबड्या कॉम्प्युटरवर बी पळतंय."

पळतंय! बघितलं ना मी. गेममधे भिंतीवर मारलेला चेंडू भिंतीतून आरपार कळंबला निघून गेला. त्यावर हे म्हणतात, "त्ये आपून दुरुस्त करायचं."

माझं टाळकंच सरकलं. आधीच पोरं बार्शीच्या क्लासला पळायलीत. यंदा बॅच भरली नाही तर शटर ओढायची पाळी, आणि यांना एकांत पाहिजे!

शेवटी ठरवलं, पुरावाच समोर टाकायचा. या इंजिनाचं इंटरनेटवर एक पान आहे, शिकणारे तिथं आपल्या अडचणी विचारतात. ते ओस पडलेलं असणार. तेच अण्णांच्या नाकासमोर धरायचं, की विषय संपला. दुपारी क्लास रिकामा होता तेव्हा उघडलं.

ओस कुठलं! माणसं थोडीच, पण ब्राझीलचा एक पोरगा, पोलंडची एक बाई, फिलिपीन्सचे एक मास्तर. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर, आणि सगळी उत्तरं एकाच माणसाची. खाली सही, "अण्णा, येरमाळा." इंग्रजी असलं मोडकं की हसावं का रडावं! पण एकालाही तसंच वाऱ्यावर सोडलेलं नाही. मधे एक आठवडा उत्तरं नव्हती. तेव्हा त्या पोलंडच्या बाईनं लिहिलं होतं, "अण्णा कुठं आहेत? बरे आहेत ना?" तो अण्णांच्या तापाचा आठवडा. एकटा जीव खोलीवर पडून होता, आणि इथं येरमाळ्यात त्या खोलीचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

म्हणून मी विरघळलो असं समजू नका. क्लासच्या बोर्डावर नावाजलेलंच इंजिन लागलं. मीच लावलं, अण्णांना न विचारता. भांडायला कंबर कसून उभा होतो. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले आणि आपल्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते "बरं" काही मला सोसलं नाही.

शेजारच्या कॉम्प्युटरवर मी ते टुकार इंजिन उतरवून घेतलं. टोपणनाव घेऊन त्या पानावर लिहिलं, "मी नवीन आहे. हे शिकायला सुरुवात कुठून करू?"

शेजारी खाडखाड बटणं वाजली. उत्तर आलं, "या मित्रा, या! कोणत्या देशातून?"

मी लिहिलं, "येरमाळा. तुमच्या डाव्या हाताला."

अण्णांनी मान वळवली नाही. स्क्रीनकडंच बघत म्हणाले, "इचार की आनखी."