लोहारद्याच्या पाहुण्याने पुरणपोळीचा वेढा उठविला त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, रविवार, ते दिवशी माळव्यात देवास शहर मुक्कामी जो रणसंग्राम जाहला तो जैसा घडला तैसा, पदरचे काही न घालिता, लिहितो.

निवृत्त मास्तर भाऊसाहेब यांचे दारी भर दोनप्रहरी अर्पितराव लोहारदेकर यांची फटफटी पंक्चर जाहली आणि ते पाणी मागावयास आले. ओळख ना पाळख. परंतु पाडव्याचे दिवशी दारी आला माणूस उपाशी जाणे म्हणजे दौलत बुडाली, ऐसा या घराण्याचा कायदा. सबब भाऊंनी माळवी रिवाजाने ‘भिया’, म्हणजे भाऊ, ऐसे संबोधोन फर्माविले की, भिया, चपला काढा, हात धुवा, बाकी मग बोलू. आणि अर्पितराव पाटावर कैद जाहले.

आता युद्धाचे मूळ ऐसे. भाऊंचे कुटुंब अक्कासाहेब, त्यांचे राज्यात पाहुण्याने ताटात घासभर टाकिले म्हणजे पोट भरले, आणि ताट साफ केले म्हणजे भूक बाकी. इकडे अर्पितरावांस त्यांच्या आजी माई यांची सक्त ताकीद की, परक्या घरी जीमताना कण टाकू नये आणि मना करू नये. मग अक्कांनी पोळी वाढावी, आणि अर्पितरावांनी फस्त करावी, आणि ताट रिकामे दिसताच अक्कांनी तुपाची धार धरोन दुसरी सोडावी, आणि अर्पितरावांनी डोळे मिटोन तीही मारावी, ऐसे हातघाईस आले. पाचवीस कमरेचा पट्टा सैल जाहला, सातवीस कपाळी घाम फुटला, आणि लोहारद्यास दुष्काळ पडला की काय, ऐसी भाऊंस शंका आली.

इतक्यात सूनबाई अक्षदा यांनी मुदपाकखान्यात खबर दिली की, रसद सरली, डब्यात एकच उरली आणि ती तुमची.

“हळू बोल, त्याला ऐकू जाईल,” ऐसे दटावोन अक्का तीही ताटलीत घेऊन, मुद्रा हसरी ठेवोन, चालोन आल्या.

अर्पितरावांस ऐकू गेले होते. पुसिले, “काकी, आपने खाया?”

“मी मागून बसते.”

ते समयी तो वीर भिंतीचा आधार घेऊन उठला, हात धुवोन आला, अक्कांचे हातची ताटली काढोन घेतली आणि त्यांस नवे पाटावर बसविले.

“हमारे लोहारदा में आखिरी रोटी मेहमान परोसता है, काकी. अब आप जीमो.”

ऐसी चाल लोहारद्यास त्या घटकेपर्यंत कोणी ऐकिली नव्हती. परंतु पाहुण्याची रीत मोडणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. अक्कांचा इलाज चालेना.

येणेप्रमाणे वेढा उठोन अर्पितरावांची फत्ते जाहली. अक्कासाहेबांचा, संसार मांडिल्यापासोन, हा पहिलाच पराभव. तो त्यांनी वर तूप मागोन घेऊन सावकाश खाल्ला. हे लिखित प्रमाण.