सासऱ्यांची कवळी, एक संच

सासऱ्यांच्या कवळीला पाच तारे मिळाले. पण ते सोडा. असं काही घडलंच नाही असं समजून सुरुवात करू.

जावई एका ऑनलाइन दुकानाच्या गोदामात माल उचलायला होता. तिथे जो खण रिकामा, त्यात हाती येईल तो माल जायचा. कढईशेजारी टेडी बेअर, टेडी बेअरशेजारी नळाची तोटी. कुठे काय आहे हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. त्यामुळे पार्सल झटपट निघतं आणि ग्राहक खूश राहतो. जेवणाच्या सुट्टीत जावयाने दुरुस्त झालेली कवळी आणली आणि बुटाची नाडी बांधायला डबी घटकाभर एका खणात ठेवली. गाठ बसेपर्यंत लेबलवाल्या काकू लेबल मारून मोकळ्या.

"काकू, अहो, ती माझ्या सासऱ्यांची आहे!"

"खणात होती ना? मग माल. 'दात, एक संच.' फोटोही टाकलाय बघ. काय गोड हसतेय!"

लेबल लागलेली वस्तू फाटकाबाहेर जायची ती पार्सलमधूनच. म्हणून जावई मोबाइलवर ती विकत घ्यायला निघाला. तो पत्ता टाइप करत होता तेवढ्यात दुसऱ्याच कोणीतरी घेतली. लगेच त्याच्या दुसऱ्या हातातलं, ऑर्डरी दाखवणारं गोदामाचं यंत्र वाजलं: दात, तीन मिनिटं. ऑर्डर नेहमी सगळ्यात जवळच्या माणसाला जाते, आणि सगळ्यात जवळ तोच होता.

"साहेब, 'सापडत नाही' दाबू का?"

"दाब की," सुपरवायझर म्हणाले. "दोनदा दाबलंयस. तिसऱ्यांदा दाबलंस की घरी."

"घरी सासरे आहेत, साहेब! तीन दिवस सगळं पातळ करून पितायत."

"मग घरी जाऊ नकोस. पॅक कर."

त्याने पॅक केलं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"बाबा ताट वाढून बसलेत. कवळी कुठपर्यंत आली?"

"ट्रकमध्ये चढली."

"तू ट्रकने येतोयस?"

"मी नाही. एकटी कवळीच."

त्या दिवसापासून सासरे त्याच्याशी बोलेनासे झाले. तसे ते बोलत असावेत, पण दातांशिवाय काही कळत नव्हतं. आता एकच आशा होती: दुसऱ्याच्या तोंडात ती बसणार कशी? परत येणारच.

चौथ्या दिवशी ग्राहकाचा अभिप्राय आला. 'जणू माझ्यासाठीच बनवलीय. काल शेंगदाणे खाल्ले.'

"याला म्हणतात समाधान!" सुपरवायझरांनी त्याची पाठ थोपटली. "सिस्टीम आणखी बारा मागतेय. सासऱ्यांकडे असतील?"

जावयाने त्याच दुपारी अर्ज दिला:

'प्रति, तक्रार निवारण कक्ष. विषय: ग्राहकाच्या समाधानाबाबत. महोदय, नियमानुसार माल परत येण्यासाठी ग्राहक असमाधानी असणे आवश्यक आहे. सदर ग्राहक अद्याप समाधानी आहेत. परतीची मुदत शुक्रवारी संपत आहे. तरी त्यांनी तत्पूर्वी असमाधानी व्हावे, असे आदेश आपल्या स्तरावरून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'