महादूअप्पांची झड

जोराचा पाऊस आला की डोंगराकडच्या शेतांतली माणसं घरात पळायची आणि आमचे शेतशेजारी महादूअप्पा फावडं घेऊन बाहेर पडायचे. डोक्यावर पोत्याची खोळ, आणि तोंडानं पावसाशी भांडण. "अरे, बस की जरा. आला न्हाई तं निघाला. काहून घाई करून राहिला?" बोलता बोलता ते चारीचं तोंड वळवून वाहतं पाणी विहिरीत सोडायचे. गाव हसायचं. मीही हसायचो.

अप्पांना हवी असायची झड, पूर्वी श्रावणात आठ-आठ दिवस लागायची तशी. तिच्या नावानं बायका बोटं मोडायच्या, कारण कपडे कुबट व्हायचे आणि चूल नुसती धुमसायची. पण अप्पा म्हणायचे, "झडीचं पाणी जिमिनीच्या पोटात जाते. ह्यो पाऊस नुसता पाठीवरून जातो." हे ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवायचे. एकदा तर नवरानवरीला आशीर्वाद दिला, "तुमच्या संसाराला झड लागो." नवरीच्या आईनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

एवढं करून ती विहीर त्यांची नव्हतीच. ती थोरल्या भावाची, सोपानदादांची. बोर पाडायची गाडी आमच्या भागात नवी आली तेव्हा अप्पांनी केळीसाठी दादांच्या बांधाला लागून बोर घेतला, आणि पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत दादांची विहीर आटली. दादा एका शब्दानं बोलले नाहीत. लेकाकडे नाशिकला निघून गेले. नंतर अप्पांचा बोरही कोरडा पडला आणि केळी गेली, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

एका पावसाळ्यात दादांच्या विहिरीत पुरुषभर गढूळ पाणी साठलं. अप्पांनी मला ओढतच एसटीडीवर नेलं. मी नंबर लावून दिला.

"दादा, इहिरीला पाणी आलं. आता ये," एवढंच ते बोलले. मग बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवून पायरीवर बसले.

"येतो म्हणाले का?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणतो, तुझ्या बोरनं न्हाई गेलं पाणी. झडच लागंना झाली, सगळ्यांच्याच इहिरी आटल्या. म्हणतो, तुझा राग कधी नव्हताच."

"मग चांगलंच झालं की, अप्पा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्याकडे बघवेना मला.

"राग असता तं पाय धरून आणलं असतं त्याला," ते म्हणाले. "आता कोणाचे पाय धरू?"