यतीन आफ्रिकेची क्षमता वाढवतो

"आफ्रिकेचं काही अवघड नाही गं," यतीन सरपोतदार म्हणाला. "सहा दिवस माझ्या ताब्यात द्या, सातव्या दिवशी अख्खा खंड जीनोम वाचायला लागेल!"

हे त्याने लीड्समधल्या आपल्या किचनमध्ये, टोस्टवर तूप लावता लावता, बायकोला सांगितलं. बायको ऋजुता गेली आठ वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रोज डीएनए काढत होती. तिने फक्त विचारलं, "तू पिपेट कधी हातात धरलंयस?"

"मी मॅनेज करतो. धरणारे वेगळे असतात!"

एका युनिव्हर्सिटीत तो 'कपॅसिटी बिल्डिंग लीड' होता. युगांडाच्या बारा शास्त्रज्ञांना लीड्समध्ये बोलवायचं, तळ्यातल्या माशांचे आणि मलेरियाच्या डासांचे डीएनए वाचायला शिकवायचं, म्हणजे त्यांना नमुने परदेशी पाठवून महिनोन्‌महिने वाट बघत बसावं लागणार नाही, असा प्रोजेक्ट होता. उद्देश सोन्यासारखा होता. पडला मात्र यतीनच्या पदरात! त्याने उभ्या जन्मात आफ्रिका पाहिली नव्हती. एका सफारी पार्कात झोपलेला सिंह पाहिला होता, तेवढ्या भांडवलावर त्याच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर जिराफ उभा होता. त्याआधी त्याने नेपाळच्या याकांची क्षमता वाढवली होती. याकांनी तक्रार केली नाही, म्हणून त्याला हे काम मिळालं.

पण सप्टेंबरमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपत होतं, आणि त्याचा व्हिसा त्या काँट्रॅक्टला बांधलेला होता. म्हणजे वर्कशॉप बुडालं की साहेब थेट पुण्याला!

आमंत्रणपत्रं त्याने एका दुपारी उरकली. नेपाळचं पत्र उघडलं, नावं बदलली, पाठवून दिलं. युगांडातल्या एंटेबेच्या लॅबप्रमुख डॉ. नालुबेगा यांच्या तीन ईमेल आल्या. तिन्हींच्या विषयात 'अर्जंट' होतं. यतीनने 'आफ्रिका : उत्साह' नावाचं फोल्डर केलं आणि न वाचता त्यात टाकल्या.

वर्कशॉपच्या आदल्या गुरुवारी कळलं, बाराच्या बारा जणांना व्हिसा नाकारलाय!

"सिस्टिमच अन्यायी आहे!" यतीन ऑफिसात गरजला. तिघांनी दुःखाने माना हलवल्या. त्याने त्यावर चार परिच्छेदांची पोस्टही टाकली. दोनशे लाइक्स आले. शिकवणारे डॉक्टर कॉलिन 'विद्यार्थीच नाहीत ना' असं म्हणून स्कॉटलंडला डोंगर चढायला गेले. राहिला यतीन, बारा रिकाम्या खुर्च्या, आणि बुधवारी फंड देणाऱ्या संस्थेकडून पाहणीला येणाऱ्या मिसेस हारग्रीव्ह्ज.

शहाण्या माणसाने सरळ फोन करून खरं सांगितलं असतं. यतीनने महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'बुधवारी विज्ञानाचा कार्यक्रम. लंच फ्री.'

"अरे, ही फसवणूक आहे!" ऋजुता म्हणाली.

"मी कुणाला युगांडाचं म्हणतोय का? मी 'पार्टिसिपंट्स' म्हणतोय!"

बुधवारी बाराही खुर्च्या भरल्या. लीलावतीकाकूंचा युनिव्हर्सिटीच्या सँडविचवर विश्वास नव्हता, म्हणून त्या घरूनच चाळीस बटाटेवडे घेऊन आल्या. ऋजुताने हाफ डे टाकला. मदत करायला नव्हे, बघायला. शशीकाका दांडेकर आले. लीड्समध्ये तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला शांत माणूस. दारातच त्यांनी रजिस्टरमध्ये जन्मस्थान लिहिलं: जिंजा, युगांडा.

यतीनने त्यांना मिठीच मारली. "काका! तुम्ही युगांडाचे? इतकी वर्षं बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी? तू मला नेहमी पार्किंगचं विचारतोस."

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मग यतीनने दोन व्हिडिओ पाहून पाठ केलेलं प्रात्यक्षिक सुरू झालं. नमुने डॉ. नालुबेगाच आणणार होत्या, ते अर्थातच आले नव्हते. म्हणून त्याने मार्केटातून तिलापिया आणला होता. आफ्रिकेचा मासा! तो तुकडा, चार बाटल्या, आणि स्टेपलरएवढं डीएनए वाचायचं यंत्र. ग्लोव्ह्ज त्याने काढून ठेवले. फोटोत हात जाड दिसतात! व्हिडिओतली दहा मिनिटांची कृती तीन तास चालली. मध्ये वडा खाल्ला, बोटं पांढऱ्या कोटाला पुसली, पुन्हा माशाला भिडला.

"पिपेट उलटं धरलंयस," मागून ऋजुता म्हणाली.

"ही माझी स्टाइल आहे!"

दोन वाजता मिसेस हारग्रीव्ह्ज आल्या. उंच, काटकुळ्या, हातात वही. आणि त्यांच्या आग्रहावरून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एंटेबेहून डॉ. नालुबेगा हजर झाल्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, चेहऱ्यावर वर्गातल्या वात्रट मुलाला ओळखणाऱ्या बाईंचा भाव.

मिसेस हारग्रीव्ह्जनी वळून शशीकाकांनाच गाठलं. "आपण युगांडाहून कधी आलात?"

"एकोणीसशे बहात्तर," काका म्हणाले.

"ओह! यायला फार त्रास झाला का?"

"यायला नाही. आम्हा सगळ्या भारतीयांना हाकलून दिलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो."

मिसेस हारग्रीव्ह्जचं पेन थांबलं. यतीन घाईने मध्ये घुसला, "आणि आता बघा, आपला रिझल्ट आलाय! तिलापियाचा जीनोम!"

"स्क्रीन जरा माझ्याकडे शेअर करा," डॉ. नालुबेगा म्हणाल्या. चष्मा लावला. बघितलं. पुन्हा बघितलं. "हा मासा नाही."

"नाही कसा? मी स्वतः विकत आणलाय!"

"मि. यतीन, कुणाकुणाचा डीएनए सापडला त्या यादीत पहिलं नाव माणसाचं आहे. दुसरं हरभऱ्याचं. माशाचा पत्ताच नाही. तुम्ही सकाळपासून स्वतःलाच वाचताय."

यतीनने बोटं पुन्हा कोटाला पुसली.

"हरभरा म्हणजे माझं बेसन," लीलावतीकाकू अभिमानाने शेजारणीला म्हणाल्या. "आलं हो त्यात!"

मिसेस हारग्रीव्ह्जनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "आपण सगळे... शास्त्रज्ञ?"

यतीन छताकडे बघत होता, जणू तिथून काँट्रॅक्ट खाली पडेल. शेवटी शशीकाका उभे राहिले. "मॅडम, मी बस चालवायचो. या अकाउंट्स शिकवतात, हे डेंटिस्ट, त्या काकू मुलीकडे राहायला आल्यात. आम्हाला जेवण आहे म्हणून बोलावलं. मुलगा वाईट नाही, पण घाबरलाय."

"आणि खरे बारा जण?"

"इथेच आहेत," डॉ. नालुबेगांनी कॅमेरा वळवला. लांब बाकांवर अकरा तरुण शास्त्रज्ञ ग्लोव्ह्ज घालून बसले होते. मागे सहा यंत्रं चालू होती. "व्हिसा नाकारला, त्याचं कारण तुमच्या आमंत्रणपत्रात आहे. वाचते. 'नेपाळच्या याक-संशोधनातील आपल्या योगदानाबद्दल आपले स्वागत.' आमच्याकडे याक नाहीत, मि. यतीन. मी तीनदा कळवलं."

यतीनने तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. टेबलावरचा तिलापिया त्याच्यापेक्षा हुशार दिसत होता.

तेवढ्यात शशीकाका पडद्याजवळ गेले आणि अडखळत म्हणाले, "ओली ओत्या, न्याबो?"

पडद्यावरची बाई चमकली, मग खळखळून हसली. युगांडाच्या भाषेत काकांनी 'कशा आहात बाई' एवढंच विचारलं होतं, पण यतीनच्या त्र्याऐंशी स्लाइड्सना जे जमलं नव्हतं ते त्या तीन शब्दांनी केलं! डॉ. नालुबेगांनी भरभर काहीतरी विचारलं. काकांनी हात हलवला, "सगळं विसरलो. पण ङ्गेगे मासा आठवतो. वडील रविवारी गळ टाकून धरायचे. आई कढीपत्ता घालून करायची. हा टेबलावरचा तो नव्हे!"

"ङ्गेगे कुठे धरायचे तुम्ही?" डॉ. नालुबेगा एकदम पुढे वाकल्या. "तो मासा आता तळ्यात फार कमी उरलाय. कुठे कुठे असायचा हे सांगणारी जुनी माणसं मी शोधतेय."

काकांनी वही मागितली आणि जिंजाचा किनारा काढायला बसले. रेल्वेचा धक्का, पिंपळ, खडक. एकही रेघ चुकत नव्हती. लीलावतीकाकूंनी गुपचूप त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

तिकडे ऋजुताने ग्लोव्ह्ज चढवले, टेबल पुसलं, आणि पडद्यावरच्या बाईंना विचारत विचारत माशाचा नवा तुकडा लावला. संध्याकाळी यादीत पहिलं नाव तिलापियाचं आलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. यतीननेही वाजवल्या, दुसरं काही करण्यासारखं त्याच्याकडे नव्हतंच.

मिसेस हारग्रीव्ह्जचा अहवाल दोन पानांचा होता. प्रोजेक्ट एंटेबेला जाणार, प्रमुख डॉ. नालुबेगा. लीड्सच्या लोकांनी तिथे जाऊन शिकायचं. ऋजुताला बोलावणं आलं, शशीकाकांनाही. यतीनची नोकरी डॉ. नालुबेगांच्या शब्दावर मार्चपर्यंत टिकली. "येणाऱ्यांची तिकिटं आणि माझ्या टीमचं सामान कुणीतरी पाठवायला हवंच," त्या म्हणाल्या. त्याने घरी 'आंतरराष्ट्रीय लॉजिस्टिक्स' असं सांगितलं. म्हणजे कूलर बॉक्स, जाळी आणि तळ्याच्या चिखलात घालायला बारा जणांचे गमबूट.

मँचेस्टरच्या एअरपोर्टवर त्याने दोघांच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. काकांनी नवा शर्ट घातला होता. सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना ते थांबले, मागे वळले आणि मान हलवून आत गेले.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. किनाऱ्यावर काका, ऋजुता, डॉ. नालुबेगा आणि सगळी तरुण मंडळी गुडघाभर चिखलात, अनवाणी! काकांच्या हातात चांदीसारखा चमकणारा ओला मासा. यतीनला गहिवरून आलं. लगेच पोस्ट टाकली: 'अनवाणी विज्ञान! मातीशी जोडलेलं नेतृत्व! अशा टीमचा भाग असल्याचा अभिमान!'

चाळीस लाइक्स झाल्यावर ऋजुताचा मेसेज आला.

'पोस्ट काढ. गमबुटांचं खोकं उघडलं. चोवीसही डाव्या पायाचे आहेत.'